पाच पाचची बस: आठवीच्या एका वर्गातलं विनंतीपत्र

आठवीच्या मुलांनी लिहिलेल्या पहिल्या पत्रांच्या गठ्ठ्यात मांडणीची चूक शोधून सापडली नसती. दिनांक डावीकडे वर, त्याखाली ‘प्रति’, मग ‘मा. आगार व्यवस्थापक’, विषय एका ओळीत, ‘महोदय’पुढे स्वल्पविराम, शेवटी ‘आपला विश्वासू’. मजकूर तीन परिच्छेदांचा. आणि जवळजवळ प्रत्येक पत्राचा शेवट असा: ‘तरी आपण या बाबीकडे त्वरित लक्ष देऊन योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.’

मराठीच्या बाईंनी गठ्ठा तपासला नाही, तसाच परत वाटला. प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचं पत्र. काम एकच: तुम्ही आगार व्यवस्थापक आहात, हे पत्र आत्ता टेबलावर आलंय, उद्या सकाळी तुम्ही नेमकं काय करणार ते एका वाक्यात लिहा. ‘बसकडे लक्ष देईन.’ ‘चालकाला समज देईन.’ ‘नवी बस सुरू करीन.’ एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘पत्र फायलीत लावीन.’

मुलांना हवं होतं ते यातलं काहीच नव्हतं. त्यांना बस थोडी उशिरा सुटायला हवी होती, आणि हे वाक्य बहुतेक पत्रांत नव्हतंच. त्रासाचं वर्णन भरपूर होतं. हाल, गैरसोय, शैक्षणिक नुकसान, पालकांची चिंता, सगळं होतं. मागणीच्या जागी मात्र ‘योग्य ती कार्यवाही’, म्हणजे आम्हाला काय हवंय ते तुम्हीच शोधा आणि तुम्हीच करा.

अडचण काय होती

शाळा संध्याकाळी 5.00ला सुटायची. आसपासच्या तीन गावांना जाणारी बस स्थानकावरून 5.05ला निघायची. त्यानंतरची थेट 7.00ला. त्यामुळे त्या गावांची मुलं शेवटची तासिका अर्धवट टाकून दप्तरं उचलायची. हे बरीच वर्षं चालत आलेलं, त्यामुळे कुणाला ती अडचण वाटेनाशी झालेली. शिक्षकांनाही सवय झालेली. शेवटच्या तासाला नवीन काही शिकवायचं नाही, एवढाच तोडगा.

पत्रलेखनासाठी हा विषय बाईंनी मुद्दाम निवडला. पाठ्यपुस्तकातले विषय वाईट नसतात. रोपवाटिकेकडे रोपं मागा, ग्रंथालयाकडे पुस्तकं मागा, हे सगळं ठीकच आहे. पण त्यांतली रोपवाटिका अस्तित्वात नसते आणि पत्र कुठेच जात नाही, हे मुलांना पहिल्या ओळीपासून ठाऊक असतं. ज्या पत्राला कुणी ‘नाही’ म्हणू शकत नाही, त्यात कारण पटवून द्यायची गरजच उरत नाही.

राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या पत्रिकेत उपयोजित लेखनात पत्राला 6 गुण असतात. 2018च्या नव्या पाठ्यपुस्तकानंतर मांडणीही सोपी झाली. पूर्वी पाठवणाऱ्याचा पत्ता उजवीकडे वर आणि खाली पाकिटाचा चौकोन असायचा; आता ई-मेलच्या धर्तीवर सगळं डावीकडून, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता सहीखाली. हे बदल स्वागतार्हच. पण शिकवणीवर्गांत आणि मार्गदर्शकांत मुलांच्या गळी उतरवली जाते ती मांडणीच, कारण ती पाठ करता येते आणि तपासायलाही सोपी जाते. आठवीतली मुलं हे सगळं मोठ्या भावंडांच्या वह्यांतून आधीच उचलून बसलेली असतात. या वर्गातल्या सर्वांत नेटक्या अक्षराच्या मुलीचं पत्र कुठल्याही तपासनिसाकडून चांगले गुण घेऊन आलं असतं. त्यात बस कुठली, कुठे जाणारी, किती वाजताची, यातलं काहीच नव्हतं.

पत्र कुणाला?

बाईंनी विषय सांगितला होता, पत्र कुणाला लिहायचं ते सांगितलं नव्हतं. बहुतेकांनी आगार व्यवस्थापक निवडले, कारण मार्गदर्शकात तेच असतात. पण काहींनी बसच्या चालकाला लिहिलं होतं, एकाने जिल्हाधिकाऱ्यांना आणि एकीने थेट मंत्र्यांना. या चुकीच्या पत्त्यांवरच्या चर्चेने वर्गाला जेवढं शिकवलं तेवढं बरोबर पत्त्यांनी शिकवलं नाही, असं माझं मत आहे.

चालकाला का लिहिलं? ‘बाई, बस तेच सोडतात ना.’ बरोबर, पण वेळ ते ठरवत नाहीत. मग जिल्हाधिकारी? ‘ते सगळ्यांचे साहेब.’ फळ्यावर दोन रकाने आले: कुणाला आपली अडचण दिसते, आणि कुणाच्या सहीने ती सुटते. चालक आणि वाहक पहिल्या रकान्यात. स्थानकावरचे वाहतूक नियंत्रक पहिल्यातच, पण दुसऱ्याच्या काठावर, कारण आगाराला माहिती तेच पुरवतात. आगार व्यवस्थापक दुसऱ्यात. जिल्हाधिकारी आणि मंत्री यांच्याकडे गेलेलं पत्र फिरत फिरत शेवटी आगारातच येणार, आणि वाटेत महिना जाणार.

मग एका मुलाने विचारलं, ‘शाळा पाच मिनिटं आधी सोडली तर?’ तो तीन गावांतला नव्हता, शाळेजवळच राहणारा होता. दुसऱ्या रकान्यात मुख्याध्यापकांचं नाव आलं. या घडीला एका पत्राची दोन पत्रं झाली, पण ते वर्गाच्या ध्यानात यायला अजून अवकाश होता.

मोजणी

दुसऱ्या मसुद्यात मागणी आली: ‘ही बस 5.30ला सोडावी.’ साडेपाचच का? ‘सोयीचं पडेल.’ बाईंनी पत्रलेखन तिथेच थांबवलं आणि वर्गाला मोजायला लावलं. मराठीच्या तासाला गणित कशाला, अशी कुरकुर झालीच.

मुलांनी तीन गोष्टी मोजल्या. बसचे पास किती जणांकडे आहेत: 41, गावनिहाय 17, 15 आणि 9. शाळेपासून स्थानकापर्यंत चालायला किती वेळ लागतो: मोठ्यांना 11 मिनिटं, पाचवीच्या मुलांना बरोबर घेतलं तर 18. आणि अभ्यास किती बुडतो: सगळे 4.45ला निघतात, म्हणजे रोज 15 मिनिटं, सोमवार ते शुक्रवार मिळून 75, म्हणजे 35 मिनिटांच्या दोन तासिकांहून जास्त. आधीच्या पत्रांत ‘अतोनात नुकसान’ होतं. त्या जागी ‘आठवड्याला 75 मिनिटे’ आले, आणि वाक्य लहान होऊनही जड झालं.

कारणाला किती वजन असतं, यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली तो प्रसिद्ध केला. झेरॉक्स यंत्रापाशी उभ्या असलेल्या लोकांना ‘मला आधी काढू द्याल का’ असं विचारायचं. पाचच पानं असताना नुसतं विचारलं तर 60 टक्के लोकांनी होकार दिला. खरं कारण सांगितलं (‘घाई आहे’) तर 94 टक्क्यांनी. आणि ‘कारण मला प्रती काढायच्या आहेत’ असं पोकळ कारण दिलं तरी 93 टक्क्यांनी. एवढाच भाग भाषणांतून फार सांगितला जातो, आणि त्यावरून ‘कारण कुठलंही द्या, चालतं’ असा निष्कर्ष काढला जातो. पण त्याच प्रयोगात 20 पानांची मोठी विनंती केली तेव्हा नुसत्या विचारण्याला आणि पोकळ कारणाला सारखाच, 24 टक्के होकार मिळाला. खऱ्या कारणाला 42 टक्के. मागणी जड झाली की ऐकणारा कारण तपासून बघतो. बसचं वेळापत्रक बदलणं ही वीस पानांची विनंती आहे. ‘गैरसोय होते म्हणून सोय करावी’ हे तिथे पोकळ कारणच ठरतं.

नियंत्रकांचा नकार

मोजलेले आकडे घेऊन चार मुलं आणि बाई स्थानकावर वाहतूक नियंत्रकांना भेटल्या. अर्ज द्यायला नव्हे, विचारायला. नियंत्रकांनी वही उघडून दाखवली. 5.05ची बस शेवटच्या गावाला जाऊन परत येते आणि 6.35ला स्थानकात शिरते. परतीच्या प्रवाशांतले काही जण 6.50ची लांब पल्ल्याची बस पकडतात. तुमची बस साडेपाचला सोडली तर ती परत येईल 7.00ला, आणि त्या लोकांची गाडी चुकेल. ‘दहा मिनिटं इकडेतिकडे होऊ शकतात. त्यापुढे नाही.’

मुलं हिरमुसून परतली. तीन गावांतल्या एका मुलीने वर्गात सरळ सांगितलं, ‘मग पत्राचा काही उपयोगच नाही.’ माझ्या मते पत्र खऱ्या अर्थाने इथे सुरू झालं. तोवर मुलं फक्त स्वतःची अडचण लिहीत होती. ज्याच्याकडे मागायचं त्यालाही अडचण आहे, आणि ती आपल्या पत्रात यायला हवी, हे कुठल्याही साच्यात सांगितलेलं नसतं. साच्यात ‘विषय’ असतो, ‘मजकूर’ असतो; समोरच्याच्या अडचणीसाठी ओळ नसते.

फळ्यावर बेरीज-वजाबाकी झाली. बस जास्तीत जास्त 5.15ला सुटू शकते. शाळा 5.00ला सुटली तर लहान मुलं 5.18ला पोचतात. तीन मिनिटं कमी पडतात. शाळेजवळच्या त्या मुलाचा प्रश्न आता सगळ्यांना आठवला. शाळा 4.55ला सुटली तर 5.13ला स्थानक गाठता येतं. म्हणजे आगाराकडे दहा मिनिटं मागायची आणि मुख्याध्यापकांकडे पाच. आणि मुख्याध्यापकांकडे आधी, कारण तो होकार हातात असल्याशिवाय आगाराला दहा मिनिटं पुरतील असं म्हणताच येत नाही.

मिळून लिहिणं

पुढची पायरी बाईंनी फळ्यावर, सगळ्या वर्गाला बरोबर घेऊन केली. ऑस्ट्रेलियात 1980च्या दशकात जे. आर. मार्टिन, जोन रॉदरी वगैरे भाषाभ्यासकांनी शाळांसाठी लेखन शिकवण्याची एक पद्धत बसवली: आधी नमुना उकलायचा, मग शिक्षक आणि मुलांनी मिळून एक मजकूर लिहायचा, आणि मगच मुलांनी एकट्याने लिहायचं. आपल्याकडे पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारली जाते. नमुना वाचला, आता लिहा. मधली पायरी वेळखाऊ असते आणि गोंगाटाची असते, म्हणून ती गळते.

मुख्याध्यापकांच्या पत्रावर वाद झाला तो भाषेवरून. ‘शाळा पाच मिनिटे आधी सोडा’ हा हुकूम झाला, यावर एकमत होतं. मग काय लिहायचं? मुलांनी पर्याय सुचवले आणि बाईंनी ते चढत्या क्रमाने मांडले: सोडा, सोडावी, सोडण्यात यावी, सोडता येईल का, सोडल्यास आमची सोय होईल. आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ हे व्याकरणाच्या तासाला रुक्ष वाटणारे प्रकार इथे एकदम कामाचे निघाले. काहींना सर्वांत नम्र तेच सर्वांत चांगलं वाटत होतं, म्हणून पत्रभर ‘शक्य झाल्यास’, ‘कृपया’, ‘नम्र’, ‘विनम्र’ यांची पेरणी झाली. ‘कृपया नम्र विनंती की कृपा करावी’ असंही एक वाक्य आलं. ते बाईंनी कोपऱ्यात ठेवून दिलं, आणि वर्ग त्यावर बराच वेळ हसत राहिला.

नम्रता किती, याला एक माप आहे. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाभ्यासकांनी 1978मध्ये मांडलेल्या आणि 1987मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या सिद्धांतात तीन गोष्टी धरल्या आहेत: समोरच्याचा आपल्यावरचा अधिकार, त्याच्याशी असलेलं अंतर, आणि मागणीचा भार. मुख्याध्यापकांचा अधिकार मोठा, पण अंतर कमी. रोज भेटणारे सर. आगार व्यवस्थापक परके, आणि मागणीही जड. बाईंनी हे नावांशिवाय सांगितलं: ओळख किती, आणि मागतो किती? ठरलं ते असं. मागणीचं वाक्य विध्यर्थात आणि एकदाच. ‘विनंती’ हा शब्द एकदाच. बाकीची नम्रता माहितीतून दिसली पाहिजे. समोरच्याचं काम आपण आधीच थोडं करून दिलं, तर त्याहून मोठा आदर कुठला?

मुख्याध्यापकांना पत्र गेलं. मधली सुट्टी पाच मिनिटांनी कमी करून शाळा 4.55ला सोडावी, अशी मागणी. ते दुसऱ्याच दिवशी परत आलं, समासात सरांच्या अक्षरात एक ओळ घेऊन: ‘बाकीच्या मुलांचं काय म्हणणं?’ प्रश्न वाजवी होता. 41 मुलांसाठी सगळ्या शाळेची सुट्टी पाच मिनिटांनी आखूड होणार होती. वर्गात हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नव्हता, आणि शाळेजवळ राहणाऱ्या काही मुलांनी आता तो आनंदाने उचलून धरला. ‘आमची सुट्टी का कमी?’ दोन दिवस वर्गात दोन तट. शेवटी वर्गप्रतिनिधींनी सगळ्या वर्गांत फिरून विचारलं. बहुतेकांनी होकार दिला, दोन वर्गांनी अट घातली की पाण्याच्या नळांवरची रांग कमी करायला सुट्टीच्या वेळा दोन गटांत विभागाव्या. ही अट मुलांनी पत्रात जशीच्या तशी नोंदवली. लपवली असती तर पत्र दिसायला सुबक झालं असतं. पण सरांनी मान्यता देताना नेमकी तीच व्यवस्था केली.

गेलेलं पत्र

आगाराला पाठवलेलं पत्र असं होतं. वर्गातल्या वेगवेगळ्या मसुद्यांतली वाक्यं निवडून ते बनलं, म्हणून त्याचा लेखक एक नाही.

विषय: सायं. 5.05ची फेरी 5.15 वाजता सोडण्याबाबत.

(मुख्याध्यापकांमार्फत)

महोदय,

तीन गावांतील आम्ही 41 पासधारक विद्यार्थी रोज सायंकाळी 5.05च्या बसने घरी जातो. लहान मुलांसह शाळेतून स्थानकावर पोहोचण्यास 18 मिनिटे लागतात. त्यामुळे आम्हांला शेवटच्या तासिकेतून 4.45 वाजता निघावे लागते व आठवड्याला 75 मिनिटांचा अभ्यास बुडतो. यानंतरची बस 7.00 वाजता आहे.

ही फेरी सोमवार ते शुक्रवार 5.15 वाजता सोडावी, अशी विनंती आहे.

परतीच्या प्रवाशांना 6.50ची बस मिळणे आवश्यक आहे, याची आम्ही माहिती घेतली आहे. दहा मिनिटांच्या बदलानंतर ही बस 6.45पर्यंत स्थानकात परत येऊ शकेल. आमच्या मुख्याध्यापकांनी शाळा 4.55 वाजता सोडण्यास मान्यता दिली आहे, त्यामुळे आम्ही 5.13पर्यंत स्थानकावर हजर राहू.

हा बदल आधी काही काळ प्रायोगिक तत्त्वावर करून पाहता येईल. आपला निर्णय शाळेच्या पत्त्यावर कळवावा.

सोबत: 1) गावनिहाय व इयत्तानिहाय पासधारकांची संख्या 2) मुख्याध्यापकांच्या मान्यतेची प्रत

या पत्रातल्या दोन जागांवर बाईंनी स्वतः हात घातला. मुलांनी सोबतच्या यादीत सगळ्यांची नावं, गावं आणि पालकांचे मोबाइल नंबर लिहिले होते. बाईंनी ते काढून फक्त संख्या ठेवल्या. मुलांची अशी माहिती बाहेरच्या कार्यालयात फिरू देण्याची गरज नव्हती. दुसरी जागा ‘प्रायोगिक तत्त्वावर’. हा शब्दप्रयोग मुलांचा नव्हे. पण कल्पना त्यांचीच होती, ‘थोडे दिवस करून बघा, नाही जमलं तर पुन्हा होतं तसं.’ मोठ्यांची भाषा मुलांच्या पत्रात किती घालायची, याबद्दल माझं मत बाईंपेक्षा कडक आहे. मी ते वाक्य मुलांच्याच शब्दांत राहू दिलं असतं. पण अधिकाऱ्याला शेरा मारायला तयार शब्द हवे असतात, हे बाईंचं म्हणणं पुढे खरं ठरलं.

‘अभ्यास बुडतो’ या वाक्यावर एक मुलगा अडून बसला होता. त्याला ‘शैक्षणिक नुकसान’ हवं होतं, कारण ते ‘पत्रातलं’ वाटतं. वर्गाने मतदान घेऊन ‘अभ्यास बुडतो’ राखलं.

पोच

पत्र लिहून झालं की शाळेतलं पत्रलेखन संपतं. खरं पत्र तिथून पुढे निम्मं उरलेलं असतं. पत्राच्या दोन प्रती काढायच्या. एक कार्यालयात द्यायची, दुसरी स्थळप्रत म्हणून आपल्याकडे. आवक विभागात पत्र दिलं की आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. त्यालाच पोच म्हणतात. यातलं काहीही मुलांना ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शाळेतल्या दोन तरुण शिक्षकांनाही नव्हतं. पत्र देऊन आलेल्या मुलीने शिक्का मारलेली प्रत वर्गात फिरवली तेव्हा गुणपत्रिकेकडे बघावं तशी सगळ्यांनी ती पाहिली.

मग काहीच घडलं नाही. तीन आठवडे उलटले. काहींना दुसरं, जोरदार पत्र लिहायचं होतं. ‘आमच्या पत्राला केराची टोपली दाखवली’ अशी सुरुवातही तयार होती. बाईंनी ते लिहू दिलं, वाचू दिलं, आणि मग पहिल्या दिवशीचंच काम पुन्हा दिलं: आता तुम्ही व्यवस्थापक, हे वाचून काय कराल? ‘राग येईल’, यापलीकडे कुणाला जाता आलं नाही. स्मरणपत्र शेवटी तीन वाक्यांचं झालं. त्यात ‘संदर्भ’ या ओळीत पहिल्या पत्राची तारीख आणि आवक क्रमांक होता. परीक्षेच्या पत्रात संदर्भाची ओळ मुलं शोभेला लिहितात. इथे त्या ओळीमुळे कारकुनाला जुनं पत्र शोधून काढता आलं. ते दुसऱ्याच एका फायलीत गेलेलं होतं.

उत्तर आलं ते मुख्याध्यापकांच्या नावे. पुढचं सत्र संपेपर्यंत ‘प्रायोगिक तत्त्वावर’ फेरी 5.15ला सोडण्यात येईल, विद्यार्थ्यांनी वेळेवर हजर राहावे, उशीर झाल्यास बस थांबवली जाणार नाही. मुलांना बदलाचा आनंद झाला, आणि ‘पत्र आम्ही लिहिलं, मग उत्तर सरांना का?’ याचा रागही आला. पत्र मार्फत गेलं होतं, म्हणून उत्तरही त्याच वाटेने आलं, हे समजावून सांगितलं तरी तो पूर्ण गेला नाही. राग रास्त आहे असंच मला वाटतं.

गुणदान

यानंतर बाईंनी वर्गातलं पत्राचं गुणदान बदललं. मांडणीचे गुण ठेवले, कारण परीक्षेत ते जातात, आणि मांडणीला अर्थ आहेच. आवक विभागात विषयाची ओळच आधी वाचली जाते. पण सर्वांत जास्त गुण एका कसोटीला: पत्र एकदा वाचून समोरच्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येतं का? या कसोटीवर नेटक्या अक्षराच्या मुलीचे गुण पहिल्यांदा खाली आले. वाचनात मागे असलेल्या, ओळीगणिक शुद्धलेखनाच्या चुका करणाऱ्या एका मुलाचे वर गेले, कारण त्याच्या पत्रात वेळ, संख्या आणि मागणी तिन्ही होतं. मुलीच्या पालकांची चिठ्ठी आली. बाईंनी दोन्ही पत्रं त्यांच्यापुढे ठेवली आणि कुठल्या पत्रावर तुम्ही निर्णय घेऊ शकाल, असं विचारलं. पालकांचं पूर्ण समाधान झालं नाही. दहावीला असे गुण देतील का, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर सरळ आहे: मांडणी चुकली तर नाही देणार, आणि मजकूर नेमका असला तर त्यामुळे कमी करणार नाहीत.

परीक्षेतल्या पत्रात एक वेगळी अडचण राहतेच. तिथे मोजणी करायला कुणी जाऊ शकत नाही. प्रश्नात दिलेल्या जाहिरातीतून किंवा निवेदनातून तारीख, ठिकाण, संस्था, अट असे तपशील उचलावे लागतात आणि उरलेले कल्पून भरावे लागतात. या वर्गाला ते जड गेलं नाही. बसच्या पत्रात कुठल्या तपशिलाने काम केलं ते त्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे प्रश्नपत्रिकेतही ते तेच शोधायला लागले.

नव्या आठवीसमोर बाईंनी जुनं पत्र नमुना म्हणून ठेवलं, तेव्हा वेगळंच घडलं. प्रायोगिक मुदत संपत आली होती, ती वाढवून मागायची होती. मुलांनी मसुदा झटपट आणला. सुबक, नेमका, आणि ‘आम्ही 41 पासधारक’ असं लिहिलेला. यंदा पासधारक 36 आहेत. मुलांना अजून 4.45ला निघावं लागतं असाही त्यात उल्लेख होता. चांगला नमुनासुद्धा हाती आला की साचा होतो, आणि आकडे असलेला साचा जास्त फसवा, कारण तो नेमका दिसतो. आता बाई जुनं पत्र कपाटात ठेवतात. आधी स्थानकावर जाऊन यायचं, मोजायचं, आपापला मसुदा लिहायचा, आणि मग जुनं पत्र काढून शेजारी ठेवायचं. मुदतवाढीच्या मसुद्यात सध्या वाद आहे तो दोन मुद्द्यांवर: आभार याच पत्रात मानायचे की वेगळे, आणि शनिवारच्या सकाळच्या बसचीही मागणी याच पत्रात घालायची का. दुसऱ्याला बाईंचा नकार आहे. पहिल्याचा निर्णय त्यांनी वर्गावर सोडला आहे.